ताटातून आधी काय गेलं

(नवी पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये, वस्त्यांमध्ये काम करणारे कार्यकर्ते आणि समाजकार्याचे विद्यार्थी यांच्यासमोर झालेलं बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं आवरलंय, बोलण्याची ढब तशीच ठेवलीये.)

या विषयावर बोलायला गेलं की दरवेळी कोणीतरी उठून विचारतंच, मॅडम, लॉकडाऊनमध्ये पुण्यात भुकेने कोणी मेलं का हो, काही आकडा आहे का. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण हा दुष्काळातल्या मामलेदाराचा प्रश्न झाला, माणूस मेला की नोंद, तोपर्यंत सगळं ठीक. मी इतकी वर्षं आहारशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझा प्रश्न वेगळा आहे. घरातल्या ताटातून आधी काय गेलं, मग काय गेलं, त्याच्या जागी काय आलं, आणि कामं परत सुरू झाल्यावर गेलेल्यातलं काय परत आलं. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे की पोट भरायची सोय आपण केली, उशिरा केली, सगळ्यांची नाही केली, पण केली. ताट मोडलं ते मात्र कोणी मोजलं नाही, म्हणून ते दुरुस्त करायचंही कोणाच्या डोक्यात आलं नाही.

आपल्या भागाला साथ आणि भूक जोडीने यायची सवय जुनीच आहे बरं का. 1876-77 चा दुष्काळ पडला तेव्हा सावित्रीबाई जुन्नरकडे ओतूरला होत्या, तिथून 20 एप्रिल 1877 ला त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे, त्यात दुष्काळाने लोकांचं काय चाललंय ते लिहिलंय, आणि इकडे धनकवडीला सत्यशोधक समाजाने दुष्काळातल्या मुलांच्या जेवणाची सोय केली होती. हो, तेच धनकवडी, तुमच्यातले काही जण आत्ता तिथूनच पीएमटीने आले असतील. मग वीस वर्षांनी प्लेग, रोग्यांची सेवा करता करता 1897 च्या मार्चमध्ये सावित्रीबाई त्यातच गेल्या. मग 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएन्झाची साथ, ती नेमकी अशा वर्षी आली की पावसानेही दगा दिला होता, म्हणजे आधीच अर्धपोटी माणसं आणि त्यावर ताप.

तेव्हा धान्यच कमी होतं, महाग होतं. 2020 चं तसं नव्हतं. 1 एप्रिल 2020 ला सरकारी गोदामांमध्ये गहू आणि तांदूळ मिळून साडेपाचशे लाख टनांच्या वर साठा होता, आणि नियमाप्रमाणे त्या तारखेला 210 लाख टन असला तरी पुरतो. म्हणजे दुपटीहून जास्त. अमर्त्य सेन यांनी 1943 च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल जे मांडलं तेच परत, धान्य असतं, ते आपल्या घरात आणायची ताकद माणसाकडे उरलेली नसते. आणि ती ताकद गेली कधी तर लॉकडाऊन जाहीर झाला त्या 24 मार्चच्या रात्री. तारीख बघा. महिनाअखेर. धुण्याभांड्याचं काम करणाऱ्या बाईचा पगार होतो एक ते दहा तारखेच्या मध्ये, 24 तारखेला तिच्याकडे काय असणार, उलट वाण्याकडे उधारी असते. त्या रात्री ज्यांच्याकडे पैसे होते ते डीमार्टच्या आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या रांगेत होते, महिन्याचं सामान भरत होते. ताडीवाला रोडच्या वस्तीत महिन्याचं सामान भरतात कुठे? तिथे संध्याकाळी रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, मिळाला की वीस रुपयांचं सुट्टं तेल, पावशेर डाळ, दहाची मिरची-कोथिंबीर, एक भाजीचा वाटा, अंडी दोन, असं रोजचं रोज येतं. कारण रोज रोजचाच मिळतो, आणि दुसरं म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं राहत असताना भरून ठेवायला जागा कुठाय. अशा घराला ‘घाबरू नका, पुरेसा साठा आहे’ हे टीव्हीवरून सांगण्याचा काही अर्थच नव्हता. साठा होता, दुसऱ्यांच्या घरी होता.

पुढे कासेवाडी, लोहियानगर, भवानी पेठेचा सगळा भाग पत्रे लावून बंद झाला, एप्रिलमध्ये तर काही भागांत दुकानं दिवसातून दोनच तास उघडी, मार्केट यार्डातला भाजीपाल्याचा बाजार बंद ठेवला गेला, मग दारावर येणारा भाजीवाला जो भाव सांगेल तो भाव. आणि त्याच वेळी जिल्ह्यातच शेतकरी भाजी शेतात नांगरून टाकत होता. दुधाचं अजून विचित्र, गावात दुधाचा भाव पडत पडत उन्हाळ्यात लिटरला वीस रुपयांच्या आसपास आला, जुलै-ऑगस्टमध्ये त्यावरून आंदोलनं झाली, आणि शहरात पिशवीचा भाव होता तिथेच. कोंबडीचं तर त्याआधीच झालं होतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी सोडून दिलं की चिकनने कोरोना होतो, भाव कोसळले, लोकांनी कोंबड्या फुकट वाटल्या, पुरल्या सुद्धा. गरिबाच्या घरात स्वस्तातलं चांगलं प्रोटीन येतं ते अंड्यातून आणि कोंबडीतून, तर ते एका अफवेने पंधरा-वीस दिवस आधीच बाहेर गेलं. नंतर भाव चढले तेव्हा खिसा रिकामा. हा भाग मी पटकन सोडून देते, कारण बाजाराबद्दल सगळेच बोलतात.

मला ज्याच्यावर थांबायचंय ते कोणी बोलत नाही. गरीब माणूस घराबाहेर किती जेवतो, ते.

आपण सर्व्हे करतो तेव्हा काय विचारतो, घरात महिन्याला किती गहू, किती तांदूळ, किती तेल. म्हणजे आपण चूल मोजतो. पण वस्तीतल्या एका घरातली सहा माणसं घ्या आणि दिवसभर त्यांच्या मागे फिरून बघा की कोण कुठे काय खातं. बाई चार घरची कामं करते, त्यातल्या एका घरी सकाळचा चहा आणि रात्रीची पोळी, दुसऱ्या घरी पोहे किंवा उपमा, डब्यात बांधून दिलेली भाजी, सणाला पुरणपोळी, आणि उरलेलं अन्न देणं हे बरोबर की चूक यावर आपण नंतर भांडू, पण ते त्या घरातल्या मुलांच्या पोटात जात होतं. नवरा बिगारी, अड्ड्यावरून काम मिळालं तर दुपारी गाडीवर वडापाव नाहीतर राइसप्लेट. मोठा मुलगा हॉटेलात टेबल पुसतो, त्याचं दोन्ही वेळचं तिथेच. मधली मुलगी महापालिकेच्या शाळेत, तिला दुपारची खिचडी, धाकटं अंगणवाडीत. म्हातारी देवळाबाहेर किंवा दर्ग्याबाहेर बसते, गुरुवारी-शुक्रवारी तिथे काही ना काही मिळतंच, गुरुद्वारात लंगर असतो. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, तेव्हा वाढपी म्हणून, भांडी घासायला म्हणून जाणारी घरच्या घरं आहेत आपल्याकडे, मजुरी तर मिळतेच, शिवाय येताना डबा भरून येतो. पेठांमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या मेस चालायच्या, तिथे पोळ्या लाटणाऱ्या बायकांचं जेवण मेसमध्येच. हमालांचंही तसंच, बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने सत्तरच्या दशकात ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती ह्याच हिशोबावर ना, की अंगमेहनत करणाऱ्याला कामाच्या जागेजवळ परवडेल असं जेवण पाहिजे.

आता हे सगळं एका रात्रीत बंद करा. सोसायट्यांनी गेटवर बोर्ड लावले की कामवाल्यांना प्रवेश नाही, हॉटेलं बंद, शाळा बंद, देवळं बंद, लग्नं बंद, मेस बंद. आणि आधी जी चूल सहा माणसांची दिवसाची सात-आठ ताटं बनवत होती तिला आता दहा-पंधरा ताटं बनवायची आहेत, आणि कमाई शून्य. आपल्या सर्व्हेत हे दिसतच नाही! सर्व्हेत दिसतं की घरातला धान्याचा खप वाढला. एका अहवालात तर मी वाचलं होतं की गरीब घरांमध्ये गव्हाचा वापर थोडा वाढलेला दिसतो, आणि पुढे काहीच स्पष्टीकरण नाही, लिहिणाऱ्याला वाटलं असेल की बरं चाललंय.

शाळेच्या खिचडीचं वेगळं सांगते. नियमाने पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रोटीन, सहावी ते आठवीला 700 आणि 20 ग्रॅम, असं ते जेवण ठरलेलं असतं. प्रत्यक्षात किती मिळतं ते तुम्हाला माहितीये, मला माहितीये. तरीसुद्धा ते रोजचं, गरम, आणि त्या मुलाच्या नावाचं असतं. शाळा बंद झाल्यावर त्याऐवजी कोरडं धान्य घरी द्यायला सुरुवात झाली, चांगलंच केलं, पण धान्य घरी आलं की ते घराचं होतं, मुलीच्या वाट्याचं राहत नाही, ते सगळ्यांच्या पातेल्यात जातं आणि पातेल्यातून आधी कोणाला वाढतात ते मी सांगायला नको. आणि पुण्यात प्राथमिक शाळा दीड वर्षाहून जास्त काळ धड उघडल्याच नाहीत.

तर आता क्रम. ऑक्टोबर 2020 च्या सुमाराला अन्न अधिकार अभियानाने ‘हंगर वॉच’ नावाची पाहणी केली होती, अकरा राज्यांत, गरीब आणि वंचित समूहांमध्ये. त्यात धान्य खाणं कमी झालं म्हणणारे निम्म्याहून थोडे जास्त, डाळ कमी झाली म्हणणारे साधारण दोन तृतीयांश, आणि हिरव्या भाज्या कमी झाल्या म्हणणारे तर जवळजवळ तीन चतुर्थांश होते. लक्षात घ्या, ही पाहणी लॉकडाऊन उठून काही महिने झाल्यानंतरची आहे. हाच क्रम मी वस्त्यांमध्ये बघितलाय. आधी फळ जातं, ते बहुतेक ठिकाणी आधीपासूनच नसतं, केळं असलं तर असलं. मग मटण-मासे-चिकन, मग दूध, दूध जातं म्हणजे चहा काळा होतो आणि दीड वर्षाच्या पोराला पण बशीत तोच. मग पालेभाजी, मग अंडी, मग डाळ पातळ होत जाते, इतकी की शेवटी नुसतं फोडणीचं पाणी राहतं. तेल कमी होतं. आणि चपाती-भात सगळ्यात शेवटी.

जगभरात अन्न-असुरक्षितता मोजायला एफएओचे, म्हणजे युनोच्या अन्न आणि शेती संघटनेचे, आठ प्रश्न वापरतात, तेही ह्याच उतरंडीचे आहेत. पहिला काळजीचा, जेवायला पुरेल का अशी चिंता वाटली का. दुसरा-तिसरा चांगलं आणि वेगवेगळं खायला मिळालं का. मग एखादं जेवण टाळलं का, कमी खाल्लं का, घरातलं संपलं का, भूक लागून खाल्लं नाही असं झालं का, आणि शेवटचा, अख्खा दिवस उपाशी राहिलात का. आपल्याकडचे पुढारी काय करतात, आठवा प्रश्न विचारतात आणि नाही असं उत्तर आलं की विषय संपला. ताटाची मोडतोड दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच झालेली असते. 2020 साली जगात 72 ते 81 कोटी लोक भुकेले होते असा युनोच्या संस्थांचा अंदाज होता, पण मध्यम किंवा तीव्र असुरक्षिततेत मोजले गेलेले लोक होते 237 कोटी. ह्या दोन आकड्यांच्या मधली सगळी माणसं म्हणजे आपल्या वस्त्या.

आणि गेलेल्याच्या जागी काय आलं? बिस्किट. पार्ले-जीचा खप लॉकडाऊनमध्ये विक्रमी झाला ही बातमी तेव्हा लोकांनी कौतुकाने फॉरवर्ड केली, मला पोटात कळ आली. चहा-बिस्किट, चहा-खारी, चहा-बटर, पाच रुपयांची कुरकुरीत पुडी, शिळी चपाती चहात बुडवून. आईला दोष देऊ नका हां प्लीज, मी बघितलंय लोक देतात, ‘कुरकुरे घ्यायला पैसे असतात’ वगैरे. पाच रुपयांत रडणारं पोर तासभर गप्प बसतं आणि गॅस जळत नाही, हा तिचा हिशोब आहे आणि तिच्या जागी तो बरोबर आहे.

गॅस. हे पण राहूनच जातं. उज्ज्वलावाल्यांना एप्रिल ते जून तीन सिलेंडर मोफत होते, पण भाड्याच्या खोलीत राहणारे कितीतरी लोक छोटी टाकी किलोवर भरून घेतात, ब्लॅकने, त्यांचं काय. गॅस वाचवायचा म्हटलं की पहिली काट कशाला लागते तर डाळीला आणि कडधान्याला, कारण शिजायला वेळ लागतो, सगळ्यांकडे कुकर नसतो, असला तर रिंग गेलेली असते. भात वीस मिनिटांत होतो. मदत म्हणून वाटलेल्या शिध्याच्या किटमध्ये आलेले हरभरे काही घरांमध्ये महिना-महिना तसेच पडून होते आणि आमच्यातलेच लोक म्हणायचे बघा, ह्यांना गरजच नाहीये.

आता रेशन. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो धान्य, अंत्योदयला, म्हणजे सगळ्यात गरीब घरांना, घरटी 35 किलो. 26 मार्च 2020 ला केंद्राने जाहीर केलं की अजून 5 किलो मोफत, शिवाय घरटी 1 किलो डाळ, आधी तीन महिने, मग नोव्हेंबरपर्यंत वाढवलं. ह्याला मी नावं ठेवणार नाही, ह्या धान्याने लोक जगवले हे खरंच आहे. पण हिशोब करून बघा. 5 किलो म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम, साधारण पावणेसहाशे कॅलरी. दुप्पट झालं तर साडेअकराशेच्या आत-बाहेर. बाकीचं कुठून आणायचं? आणि डाळ 1 किलो, पाच माणसं, तीस दिवस, म्हणजे माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅम, चमचाभर. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाच्या ताटात डाळ-कडधान्य 85 ग्रॅमच्या आसपास सांगते, भाज्या 400 ग्रॅम, दूध 300 मिली. रेशनच्या दुकानात भाजी नाही, दूध नाही, अंडं नाही, तेलही नाही. म्हणजे ताटात शेवटी जाणारी जी गोष्ट होती तीच सरकारने भरून दिली, आधी गेलेल्या गोष्टी तशाच गेलेल्या राहिल्या.

आणि हे मिळालं कोणाला? पुण्यात गंमत अशी आहे की कायद्यातल्या लाभासाठी शहरातली उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 59 हजार होती. महिन्याला पाच हजार सुद्धा नाही. पुण्यात खोलीभाडंच तीन-चार हजार होतं, चार घरची कामं करणारी बाई कागदावर त्या मर्यादेच्या वर जाते, मग तिच्याकडे केशरी कार्ड असतं, ऑनलाइन यादीतला बारा आकडी नंबर आलेला नसतो, दुकानदार म्हणतो तुमचं नाव यादीत नाही. एप्रिल अख्खा असाच गेला. मग राज्याने मे आणि जूनसाठी केशरीवाल्यांना माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी दिला. ज्याचा रोजगार दीड महिना बंद आहे त्याला पाच माणसांचे 240 रुपये रोख काढायचे होते. आणि ज्यांचं कार्ड गावाकडे, म्हणजे मराठवाड्यात, किंवा थेट बिहार-यूपीत, त्यांच्यासाठी मेमध्ये केंद्राने कार्ड नसलेल्या स्थलांतरितांना धान्य जाहीर केलं, तोपर्यंत त्यातले कितीतरी चालत निघाले होते. एक देश एक रेशन कार्ड, म्हणजे कुठलंही कार्ड कुठेही चालेल ही सोय, तेव्हा अर्धवट होतं, सुप्रीम कोर्टाला जून 2021 मध्ये सगळ्या राज्यांना सांगावं लागलं की 31 जुलैच्या आत लागू करा. आणि लाभार्थ्यांची संख्या अजून 2011 च्या जनगणनेवर अडकलीये, ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा या अर्थतज्ज्ञांनी तेव्हाच हिशोब मांडला होता की त्यामुळे देशात दहा कोटींहून जास्त माणसं बाहेर राहतात. पिंपरी-चिंचवड आणि पुणे 2011 ला केवढं होतं आणि आता केवढं आहे, तुम्हीच बघा.

शिवभोजन थाळी मला आवडायची, प्रामाणिकपणे सांगते. 26 जानेवारी 2020 ला दहा रुपयांत सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये पाच रुपये, 2021 च्या एप्रिलमध्ये मोफत. दोन चपात्या, एक वाटी भाजी, वरण, भात. कार्ड मागत नव्हते हे सगळ्यात मोठं. पण केंद्रापर्यंत चालत जायचं, पोलीस अडवणार, त्यामुळे रांगेत दिसायचे ते जास्त करून पुरुष. बाई आणि लहान मुलं कंटेनमेंटच्या पत्र्याच्या आतच.

बायकांबद्दल एकच सांगते आणि पुढे जाते, कारण हे तुम्हाला घरोघरी दिसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, पाचवी, तिचं महाराष्ट्रातलं काम 2019 मध्येच झालं होतं, म्हणजे कोरोनाच्या आधी. त्यात 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयाच्या, आणि पाच वर्षांखालची 68.9 टक्के मुलं. उंची खुंटलेली मुलं 35.2 टक्के, उंचीच्या मानाने वजन कमी असलेली 25.6. ही आपली सुरुवात होती, इथून आपण साथीत उतरलो. आणि मग त्यातल्या बाईच्या ताटातून डाळ, भाजी, अंडं काढून घेतलं आणि तिला गहू-तांदूळ आणि दिवसाला चार कप काळा चहा दिला, जेवणाबरोबरच्या चहाने अन्नातलं लोह अजून कमी शोषलं जातं. त्यात ती वाढते सगळ्यांना आणि बसते शेवटी.

आता तुम्ही म्हणाल हे सगळं झालं, गेलं, आता कामं सुरू आहेत. नाही ना गेलं! दुसरी लाट आली 2021 च्या एप्रिलमध्ये, तेव्हा किट वाटणारे अर्धे सुद्धा उरले नव्हते, लोक थकले होते, ऑक्सिजन आणि बेड शोधण्यात होते. राज्याने घरकामगार, रिक्षावाले, फेरीवाले, बांधकाम मजूर यांना दीड-दीड हजार जाहीर केले, पण नोंदणी असलेल्यांना, आणि घरकामगारांची नोंदणी किती जणींची असते हे इथे बसलेल्या ताईंना विचारा. त्यामुळे त्या लाटेत लोकांनी कर्ज काढलं. वाण्याची वही, भिशी उचलली, मंगळसूत्र गहाण, मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता. 2020 मध्ये हप्ते थांबवायची मुभा होती ती ऑगस्टपर्यंत, व्याज काही थांबलं नव्हतं. मग 2022 मध्ये काम मिळालं, पगार आला, तो गेला कुठे तर हप्त्यात. हप्ता चुकवता येत नाही, गटातल्या बायका दारात येऊन बसतात, भाडं चुकवता येत नाही, ताटातली भाजी चुकवता येते. शिवाय खाद्यतेलाचा भाव 2021 मध्ये एवढा वर गेला, आपण निम्म्याहून जास्त तेल बाहेरून आणतो ना, की फोडणीच बंद. कमाई परत आली तरी ताट परत येत नाही ते ह्यामुळे, गेलेल्या गोष्टी उलट्या क्रमाने परत यायला हव्या होत्या, डाळ, मग अंडं, मग भाजी, मग दूध, आणि मध्ये हप्ता उभा राहिला. चार-पाच वर्षांचं पोर तोपर्यंत बिस्किटावर मोठं झालं आणि त्याला भाजी आवडत नाही म्हणून आपण शाळेत त्याला नावं ठेवतो.

टीबीचं एक सांगते कारण इथे दोन-तीन जण टीबीचं काम करतात. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना पोषणाचा शिधा देऊन एक मोठा अभ्यास झाला, 2023 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात घरातल्या बाकीच्यांना टीबी होण्याचं प्रमाण जवळपास 40 टक्क्यांनी कमी झालं. नुसत्या खाण्याने. आता हेच उलटं करून वाचा, की ज्या वस्तीत दोन वर्षं प्रोटीन कमी झालं तिथे काय होत असेल.

प्रश्न आलाय की पुढच्या वेळी किट द्यायचं की पैसे. हे बघा, दुकानं उघडी असतील आणि बाईच्या हातात पैसे पडणार असतील तर पैसे, डोळे झाकून. तिला माहितीये घरात काय संपलंय. पत्रे लागलेले असतील तर किट, पण पाच किलो आट्याचं किट नको, आटा-तांदूळ रेशनवर येतो, उशिरा का होईना येतो. जे रेशनवर येत नाही ते द्या. मूगडाळ द्या, लवकर शिजते. शेंगदाणे, गूळ, तेल, भाजलेले फुटाणे ज्याला गॅसच लागत नाही, कांदे-बटाटे, भोपळा टिकतो, लिंबं, सुकट ज्यांच्यात खातात त्यांना सुकट. अंड्यांचा ट्रे द्या, चाळीत शेजारी-शेजारी वाटून घेतात. आणि पोषणाच्या पावडरचे डबे वाटू नका, कोणी कंपनी स्पॉन्सर करत असली तरी.

मागून विचारतायत की साथ येईपर्यंत थांबायचं का, आत्ता काय करता येईल. आत्ताच करायचं असतं खरं तर. 1972 च्या दुष्काळातून आपल्याकडे रोजगार हमी आली, ती ग्रामीण भागासाठी. शहरातल्या बिगाऱ्याला अशी हमी आजही नाही, हा मोठा विषय आहे, त्याला वेगळं बसू. छोटं सांगते. शाळेच्या जेवणात राज्याने नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं सुरू केलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये त्याचे पैसे बंद केले आणि शाळांना सांगितलं की लोकसहभागातून करा. तेव्हा अंडं सहा-सात रुपयांचं होतं. कोथरूडच्या शाळेला लोकसहभाग मिळेल, येरवड्याच्या, रामटेकडीच्या शाळेला कोण देणार? तर तुमच्या वस्तीशेजारच्या महापालिकेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग कधी असते ते विचारून घ्या, पालकांपैकी दोन बायकांना बरोबर न्या, आणि अंड्याचा ठराव लेखी द्या, तोंडी नको. तारीख कळवलीत तर मी पण येते.